हुद्द्याची तारीख आणि भोपळ्याचं प्रशस्तिपत्र

मिस्टरांनी लॅमिनेशनचं यंत्र घरी आणलं, त्या दिवसापासून त्या घरातल्या एकाही कागदाला मोकळी हवा लागली नव्हती. शाळेचे दाखले, लशीची कार्डं, मिक्सरची गॅरंटी, गच्चीच्या किल्लीची पावती, सगळ्यांवर प्लॅस्टिक चढलं होतं. मिक्सर जळून भंगारात गेला, त्याला तीन वर्षं झाली. त्याची गॅरंटी मात्र कपाटात अजून नव्यासारखी चकाकत होती, आणि मिस्टरांना त्याचं मनापासून समाधान होतं.

मिस्टर म्हणजे कॅप्टनबाईंचे मिस्टर. त्यांना स्वतःचं नाव होतं, पाणीपुरवठा कार्यालयाच्या नकाशा विभागात बावीस वर्षांची नोकरी होती, शहराच्या कुठल्या गल्लीखाली किती इंची नळ गेला आहे हे डोळे मिटून सांगण्याइतकी विद्या होती. पण बायको लष्करी रुग्णालयात दातांची डॉक्टर, त्यातून गणवेशातली कॅप्टन. ती सकाळी कडक इस्त्रीत जिना उतरायची तेव्हा सगळी इमारत आपापल्या दारात सरळ उभी राहायची. तिच्या मागून डबा घेऊन उतरणारा गृहस्थ कोण, तर कॅप्टनबाईंचे मिस्टर. पुढे पुढे लोकांनी कॅप्टनबाईसुद्धा गाळल्या आणि नुसतं मिस्टर ठेवलं. ते त्यांनी सोसलं होतं. माणसाला आतून अभिमान असला की बाहेरून थोडं सोसता येतं.

तर एका संध्याकाळी कॅप्टनबाई कपातला चहा न संपवताच म्हणाल्या, "यादी लागली आज."

ही यादी ज्येष्ठतेची. तिच्यात ज्याची हुद्द्याची तारीख आधी, त्याचं नाव वर. त्या यादीत कॅप्टनबाईंच्या वर एका तरुण डॉक्टरचं नाव होतं, ज्याला दातांचा चिमटा कसा धरायचा हे कॅप्टनबाईंनीच हाताला धरून शिकवलं होतं. कारणही साधं होतं. डॉक्टर होण्याआधी कॅप्टनबाईंनी सैन्यातच चार वर्षं साधी तंत्रज्ञ म्हणून काढली होती, कवळ्यांचे साचे ओतत. अशी पूर्वसेवा असली की नियमाप्रमाणे तिची अर्धी वर्षं धरायची आणि हुद्द्याची तारीख तेवढी मागे न्यायची. त्या तरुण डॉक्टरची ती तशी नेली होती. त्यांच्या कागदात मात्र पूर्वसेवेच्या रकान्यात कुणीतरी सुवाच्य अक्षरात 'निरंक' लिहून ठेवलं होतं. दोन वर्षांनी मोठं व्हायला मिळावं म्हणून झुरणारी बाई जगात विरळाच, पण कॅप्टनबाईंवर ती वेळ आली होती.

"मग होईल की दुरुस्ती," मिस्टर म्हणाले.

"तीस तारखेला यादी बंद होते. तोवर झाली तर मेजरच्या निवडीत माझं नाव जाईल आणि इथला दंतविभाग माझ्याकडे येईल. नाही झाली तर तो त्याच्याकडे, आणि माझी बदली. तीन वर्षं. सीमेवरचं रुग्णालय आहे."

एवढं बोलून त्यांनी आतल्या खोलीकडे पाहिलं. आत त्यांच्या आई पलंगावर बसून खुब्याच्या ऑपरेशननंतरचा व्यायाम करत होत्या, आकडे मोठ्याने मोजत. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला सीमेवर नेता येत नाही, आणि लेकीशिवाय ती कुणाच्या हातून गोळ्या घेत नाही. कॅप्टनबाई हे बोलल्या नाहीत. त्या फार बोलणाऱ्यातल्या नव्हत्याच. दिवसभर लोकांना तोंड उघडायला सांगून माणसाचं स्वतःचं तोंड मिटत असावं.

मिस्टरांनी कप खाली ठेवला. कागदाचं काम आपलं, असं त्यांनी जाहीर केलं. त्या आठवड्यात कॅप्टनबाईंना तीनशे नव्या भरतीचे जबडे तपासायचे होते, त्यांनी नुसती अधिकारपत्रावर सही करून द्यावी. सेवामुक्तीचं प्रमाणपत्र कुठे आहे, हे त्यांना विचारायचीही गरज नव्हती. ते फायलीत होतं, चौथ्या कप्प्यात, लॅमिनेट करून. पंधरा मिनिटांचं काम.

अभिलेख कार्यालय म्हणजे लांबलचक व्हरांडा, त्यात अकरा खिडक्या, आणि फाटकात एक पहारेकरी. पहारेकऱ्याने विचारलं, तुम्ही सैनिक का? मिस्टर म्हणाले, नाही, पत्नी अधिकारी आहे. माजी सैनिक? नाही. कंत्राटदार? मिस्टरांनी जरा छाती काढून सांगितलं की ते पाणीपुरवठ्यात नकाशा विभागात वरिष्ठ आहेत. पहारेकऱ्याने तक्ता वरपासून खालपर्यंत पाहिला, त्यात पाणीपुरवठा नव्हता. मग त्याने एक महिन्याचा पास लिहिला आणि रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने वाचून दाखवला, "आश्रित. क्रमांक चारशे सतरा."

मिस्टर म्हणाले की ते कुणाचे आश्रित नाहीत, त्यांना पगार आहे. पहारेकऱ्याने शांतपणे सांगितलं की आश्रितांनी डाव्या बाजूने जायचं. मिस्टर डाव्या बाजूने गेले.

सहा नंबरच्या खिडकीत एक बाई बसल्या होत्या. चष्म्याला साखळी, समोर ओल्या स्पंजची वाटी, आणि चेहऱ्यावर फार वर्षं खरं तेच ऐकत आल्याची शांती. मिस्टरांनी अर्ज, अधिकारपत्र आणि प्रमाणपत्र क्रमाने सरकवलं. बाईंनी प्रमाणपत्र उजेडात धरलं, पुढची बाजू वाचली, मान डोलावली. मिस्टरांनी घड्याळ पाहिलं. अकरा मिनिटं झाली होती.

"मागची बाजू," बाई म्हणाल्या आणि कागद उलटला.

मग चष्मा नाकावर नीट बसवला. नंतर एकेक शब्द सावकाश वाचत गेल्या, "कार्यालयीन परसबाग स्पर्धा. तृतीय क्रमांक. भोपळा."

इथे मिस्टरांच्या स्वभावाचा एक धागा सांगायला हवा. त्यांना नासाडी खपत नसे. दोन कागद असतील आणि दोन्ही एका बाजूने छापलेले असतील, तर दोघांना पाठीला पाठ लावून एकाच प्लॅस्टिकमध्ये घालायचं, ही त्यांची पद्धत. सेवामुक्तीच्या प्रमाणपत्राची मागची बाजू त्यांनी त्या वेळी नीट पाहिली नव्हती. तिच्यावर काहीतरी फिकट छापलेलं होतं इतकं आठवत होतं. त्यांच्या स्वतःच्या प्रशस्तिपत्रावर मात्र रंगीत भोपळा होता, पानांसकट, आणि तो झाकून ठेवावा असं कुणालाच वाटलं नसतं.

"सेवेच्या तारखा आणि शिक्का मागच्या बाजूला असतो," बाई म्हणाल्या. "नियमात सेवा फक्त माणसांचीच धरतात."

मिस्टर म्हणाले की तारखा आतच आहेत, भोपळ्याच्या मागे. बाईंनी ते अमान्य केलं नाही. असतील, म्हणाल्या, पण दिसायला हव्यात. शिवाय पडताळणीचा शिक्का प्लॅस्टिकवर बसत नाही, पुसला जातो. कागद मोकळा करून आणा. रांगेतला मागचा माणूस हसला की खोकला, ते मिस्टरांनी वळून पाहिलं नाही.

त्या संध्याकाळी त्यांनी दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे 'आश्रित' लिहिलेला पास महिनाभर टिकावा म्हणून लॅमिनेट केला, सवयच ती. दुसरं म्हणजे हा प्रकार बायकोला सांगायचा नाही असं ठरवलं. तिच्या डोक्यावर तीनशे जबडे होते. उघडून झालं की सांगू.

सगळी गडबड केली ती तळमजल्यावरच्या शिवणवाल्या काकूंना सहज विचारण्याने. काकूंना एक गोष्ट विचारली की ती इमारतीला विचारल्यासारखी होते. दुसऱ्या दिवशी मिस्टर ऑफिसातून परतले तर जिन्यात सभा भरलेली. काकूंचं म्हणणं, इस्त्री. मंद आचेवर, वरून सुती फडकं, मग प्लॅस्टिक सायीसारखं सुटतं. दुसऱ्या मजल्यावरचे औषधवाले काका आयुष्यभर दुकानात बसलेले. ते म्हणाले, उष्णता चालणारच नाही, थंडी हवी. फ्रीजरमध्ये ठेवा, डिंक आखडतो, कागद आपणहून निसटतो. समोरच्या बिऱ्हाडातल्या वहिनी म्हणाल्या की त्यांच्या भावाने एकदा खोबरेल तेल वापरलं होतं. मग काय झालं, असं मिस्टरांनी विचारलं. वहिनींनी आठवून सांगितलं की तो कागद पुढे कंदिलाला लावला, उजेड चांगला पडायचा.

मिस्टर पद्धतशीर माणूस. त्यांनी आधी प्रयोग करायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, ऑफिसला न जाता, मिक्सरची गॅरंटी फ्रीजरमध्ये ठेवली आणि चाळीस मिनिटांनी काढून नखाने कोपरा उचलला, तर काय आश्चर्य, प्लॅस्टिक अलगद वेगळं झालं आणि गॅरंटी जशीच्या तशी हातात आली. औषधवाले काका जिन्यात दोन पायऱ्या उंच दिसू लागले. मग प्रमाणपत्राची पाळी. ते फ्रीजरमध्ये गोठवलेल्या मटारांखाली सपाट ठेवलं. तेवढ्यात ऑफिसातून फोन आला, मोठ्या चौकात नळ फुटला होता आणि तिथे नळ नक्की कुठल्या बाजूने जातो हे फक्त मिस्टरांना ठाऊक होतं. ते गेले. चाळीस मिनिटांचे पाच तास झाले. परत येऊन पाहतात तर प्रमाणपत्र एका बाजूने बर्फाला आणि एका बाजूने मटाराच्या पिशवीला घट्ट चिकटलेलं.

आता उष्णतेवाचून गत्यंतर नव्हतं. काकूंची इस्त्री आली, काकूही आल्या. औषधवाले काका दारात उभे राहून आपला याला विरोध असल्याचं सांगत राहिले. फडकं अंथरलं, इस्त्री फिरवली. वाफ निघाली. काकू म्हणाल्या, सुटतंय, सुटतंय. आणि खरंच सुटलं.

भोपळा अगदी टवटवीत बाहेर आला. एक पान मुडपलं नव्हतं. सेवेच्या तारखा मात्र ओल लागून कागद सोडून भोपळ्याच्या पाठीला चिकटल्या होत्या, वाचता न येणाऱ्या जांभळ्या पापुद्र्यांत. शिक्क्याचा तेवढा गोल उरला होता, आत काही नसलेला.

काकूंनी इस्त्रीची वायर गुंडाळली. आपण विरोध केला होता हे औषधवाल्या काकांनी उगाळलं नाही, हे त्यांचं मोठेपण. ते फक्त एवढंच म्हणाले की मटारांचं आता लवकर काहीतरी करून टाका.

संध्याकाळी कॅप्टनबाई आल्या. बूट काढता काढता त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. रोज रुग्ण पाहणाऱ्या बाईला कुठे दुखतंय ते चेहऱ्यावरून कळतं.

"दाखवा," त्या म्हणाल्या.

मिस्टरांनी दाखवलं. आधी गोल शिक्का, मग पापुद्रे, शेवटी न विचारता भोपळाही. त्यांनी सगळं क्रमाने सांगितलं, पासाचं सोडून. कॅप्टनबाई ऐकत होत्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, पण त्या उठल्या, वहीतला एक कागद फाडला आणि आईच्या गोळ्यांची यादी करायला बसल्या. सकाळची पिवळी, जेवणानंतरची पांढरी, ती अर्धी करून द्यायची, पाण्याबरोबर नाही, ताकाबरोबर. व्यायाम वीस वेळा, आई पंधरावर थांबते, पुढचे पाच आपण मोजायचे. सगळं लिहून झाल्यावर त्यांनी तो कागद नवऱ्याच्या हातात दिला.

"हे लॅमिनेट करू नका," त्या म्हणाल्या. "गोळ्या बदलत असतात."

मिस्टरांना त्या वाक्याने जेवढं लागलं तेवढं आश्रित म्हटल्यानेही लागलं नव्हतं. बायको बदलीची तयारी करत होती. मनातल्या मनात ती सीमेवर जाऊन पोहोचलीही होती.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ते पुन्हा सहा नंबरच्या खिडकीवर उभे राहिले आणि पापुद्रे एका पाकिटात घालून पुढे केले. बाईंनी पाकिटात डोकावून पाहिलं आणि चष्मा पुसला. दुय्यम प्रत मिळते, म्हणाल्या. मूळ नोंद तळघरातल्या नोंदवहीत असणार. पण कार्यालय दोनदा हललं, वह्या आता नावाने नाहीत, वर्षानेही नाहीत, आदेश क्रमांकाने लावलेल्या आहेत. भरतीचा आदेश क्रमांक आणि सेवामुक्तीचा आदेश क्रमांक द्या, दहा मिनिटांत काढते. मिस्टरांनी विचारलं की क्रमांक कुठे मिळेल.

"प्रमाणपत्राच्या मागच्या बाजूला असतो," बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात खरोखर दुःख होतं.

तेवीस तारीख होती. मिस्टर घरी आले आणि भर दुपारी स्वयंपाकघरात पाट टाकून बसले. नोकरीत त्यांनी एवढे नळ शोधून दिले होते, जमिनीखालचे, कुणाला न दिसणारे. आणि बायकोची चार वर्षं त्यांनी स्वतःच्या हाताने इस्त्री करून घालवली होती.

आई काठी टेकत टेकत आल्या. त्या एकतीस वर्षं एक नेम पाळत होत्या. सकाळी अंघोळ झाली की देवापुढे बसायचं, आणि एका वहीत आदल्या दिवसाची एक ओळ लिहून ती देवापुढे ठेवायची. ओळ लिहून होईपर्यंत कुणाशी बोलायचं नाही. ताप असो, प्रवास असो, खुब्याचं ऑपरेशन असो. त्या दिवशी भूल देणारा डॉक्टर विचारत होता नाव काय, आणि आई खुणेने पेन मागत होत्या. घरात त्या वह्यांकडे कुणाचं लक्ष नसे, जसं भिंतीवरच्या घड्याळाच्या टिकटिकीकडे नसतं. मिस्टरांनी एकदा त्याही लॅमिनेट करून द्यायची तयारी दाखवली होती. आई म्हणाल्या होत्या, देवाला वाचता यायला हवं. प्लॅस्टिक पारदर्शक असतं, असं मिस्टरांनी पटवून द्यायचा प्रयत्न केला. त्यावर आई म्हणाल्या होत्या, पण पानही उलटता यायला हवं ना. त्या वह्या सुटल्या त्या अशा.

"जावई," आई म्हणाल्या, "मटारांची पिशवी कशाने फाटली?"

मिस्टरांनी सासूबाईंना सगळं सांगितलं. एकदा सांगायला बसल्यावर पासाचंही सांगितलं. आईंनी मध्येच एकदाही अडवलं नाही. शेवटी त्यांनी एकच विचारलं, की हा क्रमांक म्हणजे ती भरती झाली त्या दिवशीचा का? मिस्टर म्हणाले हो, आणि सोडलं त्या दिवशीचा. आई वळल्या. आतून पत्र्याची पेटी उघडल्याचा आवाज आला. परतल्या तेव्हा काखेत दोन वह्या होत्या, एक निळी आणि एक खाकी कव्हराची.

निळ्या वहीचं पहिलंच पान. मिस्टरांनी वाचलं: "काल पोर गेली. भरती आदेश क्रमांक चार हजार एकशे बावन्न. पाय पाच नंबरचा, बूट सहाचे दिले. सांभाळ."

खाकी वहीच्या शेवटाकडे: "काल सुटली. आदेश क्रमांक सात हजार सदतीस. बूट परत केले. अजून मोठेच होत होते."

मिस्टरांनी दोन्ही ओळी पुन्हा वाचल्या. मग त्यांनी विचारलं, "आई, पण तुम्ही आदेश क्रमांक का लिहिलात?"

आईंना प्रश्नच कळला नाही. "देवाकडे इतक्या मुली," त्या म्हणाल्या. "एकाच नावाच्या किती असतील. नंबर लिहिलेला बरा."

वह्या द्यायला मात्र आई तयार होईनात. नेमाची वस्तू, परक्या हाती जायची नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी ओळ लिहून झाल्यावर त्या स्वतः निघाल्या. फाटकात पहारेकऱ्याने विचारलं, आजी, कोण तुम्ही? आई म्हणाल्या, मी आई. तक्त्यात आई होती, पहिल्याच ओळीत. त्यांना खुर्ची मिळाली. मिस्टर डाव्या बाजूने आले.

सहा नंबरच्या बाईंनी दोन्ही ओळी वाचल्या आणि स्वच्छ सांगितलं की हा पुरावा होत नाही. आईंनी वह्या काखेत घेतल्या. पण बाई उठल्या. साखळीचा चष्मा गळ्यात सोडला, पदर खोचला, कपाटातली विजेरी घेतली आणि म्हणाल्या, "पुरावा खाली आहे. हा पत्ता झाला."

दहा मिनिटांच्या ऐवजी पन्नास मिनिटं लागली. त्या वर आल्या तेव्हा केसांवर जाळी होती आणि हातात एक मोठी नोंदवही. चार हजार एकशे बावन्नची नोंद निघाली. बाई बोटाने रकाने वाचत गेल्या, नाव, जन्मतारीख, उंची, आणि मग थांबल्या.

"पायाचं माप पाच," त्या म्हणाल्या. "दिलेले बूट सहा. साठा नाही." त्यांनी आईंकडे पाहिलं. आई नुसत्या मान डोलावत होत्या, जणू हे सगळं त्यांनी त्याच वेळी सांगून ठेवलं होतं.

इथे गोष्ट संपायला हवी होती, पण कार्यालयं अशी मध्येच सोडत नाहीत. सेवा निघाली चार वर्षं आणि अकरा दिवस. तिची निम्मी केली तर दोन वर्षं आणि साडेपाच दिवस. साडेपाच. बाईंनी पेन खाली ठेवलं. हुद्द्याची तारीख अर्ध्या दिवसाने मागे कशी न्यायची, याचा नियम सापडेना. मिस्टर म्हणाले, अर्धा दिवस सोडून द्या, आम्ही देऊन टाकला. बाई म्हणाल्या, सैनिकाची सेवा अशी सोडता येत नाही, ती तुमची नाही. आश्रितांना मताधिकार नसावा.

फाईल अर्ध्या दिवसासाठी वरच्या मजल्यावर गेली आणि तीन दिवस तिथेच राहिली. या तीन दिवसांत मिस्टरांचं वजन उतरलं. इमारतीत रोज चर्चा होई. शिवणवाल्या काकूंच्या मते कापड मोजताना नेहमी पुढचा पूर्ण आकडा धरतात. औषधवाले काका म्हणत, अर्धी गोळी ही अर्धीच असते. कॅप्टनबाई रोज वेळेवर जात होत्या, वेळेवर येत होत्या, आणि एकदा मिस्टरांनी पाहिलं की त्या आईच्या गोळ्यांची यादी काढून, काही न खोडता, पुन्हा जागेवर ठेवत होत्या.

अठ्ठावीस तारखेला सहा नंबरच्या बाईंनी मिस्टरांना लांबूनच हाताने बोलावलं. वरच्या मजल्यावरच्या साहेबांनी फायलीच्या कडेला हिरव्या शाईत लिहिलं होतं की अर्धा दिवस सैनिकाच्या बाजूने पूर्ण धरावा. खाली दुरुस्तीचा आदेश, सही, आणि कोऱ्या मोकळ्या कागदावर ठसठशीत बसलेला गोल शिक्का. ज्येष्ठता यादीत नाव सतरा जागा वर सरकलं होतं. मिस्टरांनी आभार मानले, मग पुन्हा मानले. बाई म्हणाल्या, असू दे, आणि मग हळूच, "भोपळा किती किलोचा होता?"

"नऊ," मिस्टर म्हणाले.

"तिसरा कसा मग?"

मिस्टरांना कित्येक वर्षांत कुणी हे विचारलं नव्हतं.

बाहेर पडताना पहारेकऱ्याने पास परत मागितला. परत आलेला पास भोक पाडून रद्द करायचा, असा तिथला शिरस्ता. त्याने यंत्र दाबलं, पुन्हा दाबलं, मग दोन्ही हातांनी दाबलं. प्लॅस्टिकला ओरखडा आला नाही. शेवटी तो वैतागून म्हणाला, घेऊन जा तुमच्याकडेच.

घरी कॅप्टनबाईंनी आदेश उभ्याने वाचला. मग खुर्चीत बसून पुन्हा वाचला. मग त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि मिस्टरांनी पाहिलं की त्यांचे खांदे सावकाश खाली आले, आठवडाभर कुणीतरी हँगरवर टांगून ठेवलेले असावेत तसे. त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या, गोळ्यांची यादी काढली आणि चार तुकडे करून टाकली.

"अहो," त्या परत येऊन म्हणाल्या, "तो यादीतला मुलगा आज सकाळी आला होता. दुरुस्तीचं त्याच्याही कानावर आलं होतं. म्हणाला, झाली तर बरं मॅडम, मला अजून अक्कलदाढ काढता येत नाही." आणि त्या हसल्या. चांगल्या मोठ्याने हसल्या. मिस्टरांना वाटलं, पंधरा मिनिटांच्या कामाला आठवडा लागला तरी चालतो कधीकधी.

त्यांचा हात आपोआप कोपऱ्यातल्या यंत्राकडे गेला. कॅप्टनबाईंनी आदेशाचा कागद पाठीमागे लपवला. मिस्टरांनी हात खिशात घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई देवापुढे बसल्या. वही उघडली, आणि लेकीला खूण केली. कॅप्टनबाईंनी गणवेशातच खाली बसून दुरुस्तीच्या आदेशाचा क्रमांक सांगितला, आईंनी आकडे एकेक करून लिहिले. ओळ संपली. पण वही मिटली नाही. आईंनी पेन तसंच धरून जावयाकडे पाहिलं आणि मिस्टरांच्या लक्षात आलं की एकतीस वर्षांत पहिल्यांदा तिथे दुसरी ओळ सुरू झाली होती. "जावई," एवढं लिहून पेन थांबलं होतं.

आई बोलू शकत नव्हत्या. त्यांनी भुवया उंचावल्या. देवाकडे जावईही पुष्कळ असतील.

मिस्टरांनी खिशातून पास काढला. तो अगदी नव्यासारखा चकाकत होता. त्यांनी घसा साफ केला आणि पहारेकऱ्याच्याही वरच्या आवाजात वाचला, "आश्रित. क्रमांक चारशे सतरा."